बूटेबल पेनड्राइव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बूटेबल म्हणजे संगणक ज्यावरून सुरू होऊ शकतो असा. अशा पेनड्राइव्हवरून विंडोज किंवा लिनक्स टाकताना प्रश्न पडतात ते बहुतेक काम अर्ध्यावर अडकल्यावर. लॅपटॉप पेनड्राइव्हकडे बघायलाच तयार नसतो, इन्स्टॉलरला आतली डिस्क दिसत नाही, नाहीतर चुकीची डिस्क पुसली गेलेली असते. म्हणून इथे उत्तरांबरोबर कारणंही दिली आहेत. कारण माहीत असलं की स्क्रीनवर अनोळखी संदेश आला तरी कुठे बघायचं ते सुचतं. घाईत असाल तर बाकीचं सोडा, पण डेटाबद्दलचा तिसरा प्रश्न वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर का चालत नाही?

बटण दाबल्यावर पहिले काही क्षण संगणकात ना विंडोज असतं ना लिनक्स. मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर तेवढं चालू असतं. आयएसओ उघडून आत काय आहे ते बघणं त्याला जमत नाही. ते ठरावीक जागी ठरावीक गोष्ट शोधतं, सापडली तर ती चालवतं, नाही सापडली तर पुढच्या डिस्ककडे वळतं.

जुन्या बायोस पद्धतीत ही जागा म्हणजे डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा सेक्टर. त्यातल्या ४४६ बाइटमध्ये सुरुवातीचा बूट कोड बसवलेला असतो. नव्या यूईएफआय पद्धतीत फर्मवेअरला फॅट फाइल सिस्टिम वाचता येते. ते पेनड्राइव्हवरच्या फॅट पार्टिशनमध्ये (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा आखलेला तुकडा) ‘ईएफआय’ फोल्डरच्या आत ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ नावाची फाइल शोधतं.

आयएसओ ही सबंध सीडी-डीव्हीडीची एका फाइलमध्ये घेतलेली प्रत. तिचं नाव आयएसओ ९६६० या सीडीच्या फाइल सिस्टिमच्या १९८८ च्या मानकावरून पडलं. ती तशीच कॉपी केली तर पेनड्राइव्हवर एखाद्या व्हिडिओसारखी पडून राहते. फर्मवेअर ज्या जागा तपासतं त्या रिकाम्याच असतात. रुफस किंवा तत्सम सॉफ्टवेअर त्या जागा भरतं, बाकी काही जादू करत नाही.

यूईएफआय संगणकावर एक साधा मार्गही आहे. आयएसओ उघडून तिच्या *आतलं* सगळं फॅट३२ पेनड्राइव्हवर कॉपी केलं, तर बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. हे का चालतं, ते वरचा परिच्छेद वाचल्यावर लक्षात येईलच.

पेनड्राइव्ह केवढा लागतो?

विंडोजसाठी किमान ८ जीबी. बहुतेक लिनक्सनाही तेवढा पुरतो. मॅकसाठी ३२ जीबीचा घ्या. क्षमतेपेक्षा वेगाकडे जास्त लक्ष द्या. यूएसबी ३ चा बरा पेनड्राइव्ह असेल तर इन्स्टॉलेशन पटकन उरकतं, जुना संथ असेल तर तेच काम रेंगाळतं.

अनोळखी ठिकाणाहून खूप स्वस्तात मिळालेला पेनड्राइव्ह आधी तपासून घ्या. काही बनावट पेनड्राइव्ह स्वतःला ६४ जीबी म्हणवतात आणि आत जागा त्याच्या काही हिश्श्यापुरतीच असते. लिहिताना एकही चूक दाखवत नाहीत, पण वाचताना फायली खराब निघतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री ही मोफत सॉफ्टवेअर अख्खा पेनड्राइव्ह भरून, परत वाचून खरी क्षमता सांगतात. इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्याच टक्क्याला अडत असेल तर पहिला संशय पेनड्राइव्हवर घ्या.

यात माझ्या फायली जातात का?

पेनड्राइव्हवरच्या जातातच. लिहायला सुरुवात होण्याआधी त्याचं पार्टिशन टेबल नव्याने बनतं, त्यामुळे जुनं काही असेल तर आधी काढून ठेवा.

संगणकावरच्या फायलींचं गणित वेगळं आहे. पेनड्राइव्ह बनवताना किंवा त्यावरून संगणक नुसता सुरू करताना आतल्या डिस्कला हात लागत नाही. डिस्क बदलते ती इन्स्टॉलरमध्ये तुम्ही पार्टिशन निवडून पुढे जाता तेव्हा. ‘इरेज डिस्क’ निवडलं की अख्खी डिस्क गेली, फक्त सी ड्राइव्ह नव्हे. ‘माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे, ते सुरक्षित राहील’ असं गृहीत धरून लोक पुढे जातात. सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात.

तिसरा धोका कमी लोकांच्या लक्षात येतो: पेनड्राइव्ह बनवतानाच चुकीची डिस्क निवडणं. माझ्या हातून हे घडलं आहे. बॅकअपची बाहेरची डिस्क आणि पेनड्राइव्ह एकाच वेळी लावलेले होते, आणि मी टर्मिनलमध्ये एक अक्षर चुकीचं लिहिलं. दोन-तीन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं, पण तेवढ्यात डिस्कच्या सुरुवातीचा भाग गेला होता. फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवून बरेच फोटो परत मिळाले, मात्र फायलींची नावं आणि फोल्डर गेले ते गेलेच. हजारो फोटो नुसत्या क्रमांकांनी ओळखायचे, हे काम कित्येक महिने पुरलं.

तेव्हापासून मी लिहायला घेण्याआधी बाकीच्या सगळ्या यूएसबी डिस्क काढून बाजूला ठेवतो. तुम्हीही ठेवा. संगणकावरच्या डेटाची प्रत आधी घ्या, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते का तेही बघा.

आयएसओ कुठून घ्यायची, आणि ती नीट उतरली हे कसं ओळखायचं?

त्या त्या सिस्टिमच्या मूळ संकेतस्थळावरून. विंडोज मायक्रोसॉफ्टकडून, उबुंटू हे लिनक्स उबुंटूकडून. ‘आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेलं’ किंवा ‘हलकं केलेलं’ विंडोज म्हणून इतरत्र मिळणाऱ्या आयएसओ घेऊ नका. आत कोणी काय घातलंय हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, आणि उद्या त्याच संगणकावर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार आहात.

उतरवून झाल्यावर चेकसम जुळवा. संकेतस्थळावर एसएचए-२५६ या नावाने ६४ अंक-अक्षरांची एक ओळ दिलेली असते. तुमच्या फाइलमधून तशीच ओळ काढायला विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ आणि मॅकवर ‘शासम’ आहे. दोन्ही ओळी शेवटच्या अक्षरापर्यंत सारख्या असल्या की फाइल शाबूत. फाइलमधला एक बिट बदलला तरी ओळ पार वेगळी दिसते, त्यामुळे ‘थोडासा फरक’ असा प्रकार नसतो. मिनिटभराचं काम आहे, आणि त्याने पुढच्या अडचणींतलं एक मोठं कारण तिथल्या तिथे निकालात निघतं.

३२ बिट की ६४ बिट?

६४. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, आणि डेबियनसारख्या सबुरीच्या लिनक्स प्रकल्पानेही २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलर देणं थांबवलं. प्रोसेसर खरोखरच फार जुना, ३२ बिटचा असेल तरच वेगळा विचार करा.

कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

काय टाकायचंय आणि हाताशी कोणता संगणक आहे, यावर ते ठरतं.

विंडोजवर बसून विंडोजचाच पेनड्राइव्ह बनवायचा असेल तर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल सगळ्यात सोपं. डाउनलोड आणि लिहिणं दोन्ही तेच करतं. थोडं नियंत्रण हवं असेल तर रुफस. २०११ पासून चालू असलेलं हे छोटंसं मोफत सॉफ्टवेअर इन्स्टॉलही करावं लागत नाही, आणि विंडोज-लिनक्स दोन्हींच्या आयएसओ व्यवस्थित हाताळतं. फक्त ते स्वतः विंडोजवरच चालतं.

बलेना एचर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. लिहून झालेलं परत वाचून पडताळतं, आणि सहसा आतली सिस्टिमची डिस्क यादीत दाखवत नाही, म्हणून नवख्या माणसाला मी ते आनंदाने सुचवतो. पण फक्त लिनक्ससाठी. ते आयएसओ जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवतं. लिनक्सच्या आयएसओ डिस्कसारख्या वाचता येतील अशा ‘हायब्रिड’ बनवलेल्या असतात, विंडोजच्या तशा नसतात. विंडोजची आयएसओ दिली की एचर इशारा देतं. तो इशारा बाजूला सारून पुढे जाणारे बरेच असतात, आणि मग त्यांचा पेनड्राइव्ह सुरू होत नाही.

व्हेंटॉय २०२० मध्ये आलं आणि त्याने सवयच बदलली. ते पेनड्राइव्हवर एकदा बसवायचं, मग आयएसओ खरोखरच नुसत्या कॉपी करायच्या. संगणक सुरू होताना यादी येते, हवी ती निवडायची. एकाच ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज, दोन-तीन लिनक्स आणि डिस्क दुरुस्तीची साधनं सुखाने राहतात. उरलेल्या जागेत फायलीही ठेवता येतात. वारंवार इन्स्टॉल करणाऱ्यांनी हेच वापरावं असं माझं मत आहे. एखाद्या यंत्रावर मात्र ते अडतं, म्हणून एकदाच करायच्या कामाला रुफस किंवा एचर जास्त निर्धोक.

रुफस ‘पार्टिशन स्कीम’ विचारतं. जीपीटी की एमबीआर?

डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती: एमबीआर जुनी, जीपीटी नवी. गेल्या दहाएक वर्षांतला संगणक असेल तर जीपीटी, आणि टार्गेट सिस्टिम यूईएफआय. फक्त बायोस असलेल्या जुन्या संगणकासाठी एमबीआर. ही निवड पेनड्राइव्हच्या मांडणीची आहे, संगणकातल्या डिस्कची नव्हे. तरीही तिचा परिणाम आत पोचतो, कारण पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू होतो त्याच पद्धतीचं विंडोज बसतं.

‘निवडलेली डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, तिच्यावर विंडोज बसवता येणार नाही’ हा गाजलेला संदेश इथूनच येतो. डिस्क बिघडलेली नसते. पेनड्राइव्ह जुन्या लेगसी, म्हणजे बायोसच्या, पद्धतीने सुरू झालेला असतो आणि त्या पद्धतीत विंडोजला एमबीआर डिस्क लागते. संगणक पुन्हा सुरू करा आणि बूट मेन्यूत पेनड्राइव्हच्या नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ निवडा. डिस्क ‘क्लीन’ करायचा सल्ला सर्रास दिला जातो. संदेश त्यानेही जातो, पण डेटाही जातो.

डिस्क एमबीआर आणि संगणक यूईएफआय असा उलटा प्रकार असेल तर विंडोज १० पासून सोबत येणारं ‘एमबीआरटूजीपीटी’ डेटा न पुसता रूपांतर करून देतं. बॅकअप मात्र त्याआधीही हवाच.

लिनक्सची आयएसओ दिल्यावर रुफस ‘आयएसओ मोड की डीडी मोड’ विचारतं.

आयएसओ मोड. त्याने सुरू झालं नाही तर दुसऱ्या खेपेला डीडी मोड, म्हणजे आयएसओ जशीच्या तशी उतरवणं.

‘फाइल फार मोठी आहे’ असं का येतं? पेनड्राइव्हवर तर भरपूर जागा आहे.

फॅट३२ मध्ये एकही फाइल ४ जीबीची होऊ शकत नाही. फाइलची लांबी नोंदवायला तिथे ३२ बिटच आहेत, त्यामुळे मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी. विंडोजच्या आयएसओतली ‘इन्स्टॉल.विम’ ही मुख्य फाइल आता सहसा त्याहून मोठी असते. दुसरीकडे बहुतेक यूईएफआय फर्मवेअरला फॅट सोडून दुसरं काही वाचता येत नाही. हा पेच तीन प्रकारे सुटतो. रुफस मुख्य पार्टिशन एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) करतं आणि शेवटी एनटीएफएस वाचायला शिकवणारा चिमुकला फॅट तुकडा जोडतं. मीडिया क्रिएशन टूल हीच फाइल जास्त दाबून ‘ईएसडी’ स्वरूपात देतं, ती मर्यादेत बसते. तिसरा मार्ग म्हणजे फाइलचे तुकडे करणं: विंडोजवर ‘डिझम’ आणि मॅक-लिनक्सवर ‘विमलिब’ ते करतात, आणि इन्स्टॉलर ‘एसडब्ल्यूएम’ तुकडे आपोआप ओळखतो. मॅकवर बसून विंडोजचा पेनड्राइव्ह करताना हा तिसरा मार्गच उपयोगी पडतो.

लिनक्सवर टर्मिनलमधून कसं करायचं?

‘डीडी’ सगळ्यांना माहीत आहे. ‘आयएफ’ पुढे आयएसओचा पत्ता, ‘ओएफ’ पुढे पेनड्राइव्हचा. ‘ओएफ’ची जागा हीच ती माझ्याकडून चुकलेली जागा. डीडी काहीही विचारत नाही, खात्री करून घेत नाही.

आधी पेनड्राइव्ह न लावता डिस्कची यादी दाखवणारं ‘एलएसबीएलके’ चालवा, मग लावून परत चालवा. नव्याने दिसलेलं नाव तुमच्या पेनड्राइव्हचं. आकारही जुळतो का बघा. आतला एसएसडी एनव्हीएमई असेल तर पेनड्राइव्हच ‘एसडीए’ म्हणून दिसू शकतो, तेव्हा ‘एसडीए म्हणजे आतली डिस्क’ हा जुना ठोकताळा धरून चालू नका. पत्ता सबंध डिस्कचा द्या, म्हणजे ‘एसडीबी’, तिच्यातल्या ‘एसडीबी१’ या पार्टिशनचा नव्हे.

डीडी थांबलं म्हणजे लिहून झालं असंही नाही. बराच भाग अजून मेमरीत असतो. ‘सिंक’ चालवा, ते परत येईपर्यंत थांबा आणि मगच पेनड्राइव्ह काढा. खरं तर डीडीही लागत नाही: डेबियनचं इन्स्टॉलेशन मार्गदर्शक साध्या ‘सीपी’नेच आयएसओ थेट डिस्कच्या पत्त्यावर उतरवायला सांगतं, आणि त्यानंतर ‘सिंक’.

माझ्याकडे दुसरा संगणक नाही, फक्त फोन आहे.

अँड्रॉइड फोन आणि त्याला पेनड्राइव्ह लावता येईल अशी ओटीजी जोडणी असेल तर एचड्रॉइड हे अ‍ॅप फोन रूट न करता लिनक्सची आयएसओ पेनड्राइव्हवर लिहितं. विंडोजच्या आयएसओला ते चालत नाही. फोनची बॅटरी आधी पूर्ण भरून घ्या.

आणि मॅकओएसचा पेनड्राइव्ह?

अ‍ॅप स्टोअरमधून इन्स्टॉलर उतरवायचा. त्याच्या आतच ‘क्रिएट-इन्स्टॉल-मीडिया’ ही आज्ञा असते, ती टर्मिनलमधून चालवायची. इंटेल मॅक सुरू करताना ऑप्शन बटण धरून ठेवा, अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर पॉवरचं बटण. टी२ चिप असलेल्या इंटेल मॅकवर बाहेरून बूट करायला मुळात बंदी असते, ती रिकव्हरीतल्या स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीतून उठवावी लागते. अ‍ॅपल चिपच्या मॅकवर इंटेल-एएमडीसाठीचा विंडोज किंवा लिनक्स पेनड्राइव्ह सुरूच होणार नाही, कितीही खटपट केली तरी. प्रोसेसरची भाषाच वेगळी आहे.

पेनड्राइव्ह लावला, तरी जुनं विंडोजच सुरू होतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असेल. संगणक सुरू होताना बूट मेन्यूचं बटण दाबावं लागतं आणि ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, एसुसच्या लॅपटॉपवर एस्केप, एमएसआयवर एफ११. एसरवर एफ१२ असतं, पण बऱ्याच मॉडेलवर ते आधी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. बटण एकदा दाबून धरू नका, पॉवर दिल्याबरोबर टकटक दाबत राहा.

बटण बरोबर असूनही मेन्यू येत नसेल तर कारण बहुधा विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलेला संगणक पूर्ण बंद होत नाही, अर्धा झोपतो. यावर खात्रीचा उपाय: विंडोजमध्ये शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा, आणि येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’मधून पेनड्राइव्ह निवडा. विंडोज चालू होत असेल तर बटणांच्या शर्यतीत पडायचं कारणच नाही.

मेन्यू येतो पण त्यात पेनड्राइव्ह नाही? पोर्ट बदला. यूएसबी हब वापरत असाल तर तो काढा, डेस्कटॉप असेल तर मागचं पोर्ट वापरा. तरीही दिसत नसेल तर पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने बनवला ती आणि संगणकाची पद्धत जुळत नाही, म्हणजे जीपीटी-एमबीआरच्या प्रश्नाकडे परत जा.

सिक्युअर बूट बंद करावं का?

आधी बंद करू नका. चालू ठेवून बघा.

विंडोज ८ च्या काळात, २०१२ पासून, नव्या संगणकांवर हे सर्रास आलं. मान्य असलेली डिजिटल सही नसलेला बूट प्रोग्रॅम फर्मवेअर चालवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उबुंटू, फेडोरा, मिंट, डेबियन यांच्याकडे मायक्रोसॉफ्टने सही केलेला ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, त्यामुळे ते सिक्युअर बूट चालू असतानाही चालतात. आर्च लिनक्सच्या अधिकृत आयएसओला सिक्युअर बूट चालत नाही, तिथे बंद करावंच लागतं. व्हेंटॉय पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर स्वतःची किल्ली नोंदवायला सांगतं. ती एकदा नोंदवली की त्या संगणकापुरतं काम झालं.

कालपर्यंत चालणारा लिनक्सचा पेनड्राइव्ह अचानक ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणून नाकारला गेला, तर आयएसओ जुनी आहे. त्रुटी सापडलेल्या जुन्या शिमना वेळोवेळी काळ्या यादीत टाकलं जातं. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या अपडेटनंतर अनेकांचं विंडोजसोबत ठेवलेलं लिनक्स याच कारणाने सुरू होईना. नवी आयएसओ उतरवून पेनड्राइव्ह पुन्हा बनवा.

अचानक ४८ अंकी बिटलॉकर की मागितली. ही कुठून आली?

डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद आहे, आणि तुम्ही सिक्युअर बूट किंवा तसलंच एखादं सेटिंग बदललं. किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला वाटलं यंत्रात कोणीतरी ढवळाढवळ केली, म्हणून तिने किल्ली सोडली नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं. त्या अकाउंटच्या पानावर ही की सहसा जपून ठेवलेली सापडते. बदललेलं सेटिंग पूर्ववत केलं तरी बऱ्याचदा मागणी थांबते.

की सापडली नाही तर डिस्कवरचा डेटा कोणालाच काढता येत नाही, दुरुस्ती करणाऱ्यालाही नाही. म्हणून फर्मवेअरमधलं काहीही बदलण्याआधी ही की कागदावर लिहून घ्या. फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. लॅपटॉप कार्यालयाने दिलेला असेल तर की त्यांच्याकडे असते, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यावर काही टाकूही नये.

इन्स्टॉलर सुरू झाला, पण डिस्कची यादी रिकामी आहे.

डिस्क मेली असं समजून घाबरू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर एसएसडी ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकाच्या मागे असतो, आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर अनेकदा नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, त्यातल्या ‘आयएनएफ’ फायली मोकळ्या करून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवा. डिस्क लगेच दिसते. नुसती ‘ईएक्सई’ ठेवून उपयोग नाही, इन्स्टॉलरला ती उघडता येत नाही.

लिनक्स टाकताना काही वेळा फर्मवेअरमधलं व्हीएमडीचं हे सेटिंग बदलून एएचसीआय (डिस्क जोडायची साधी पद्धत) करावं लागतं. जुनं विंडोजही ठेवायचं असेल तर आधी त्याला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग सेटिंग बदला, नाहीतर ते निळ्या पडद्यावर थांबेल.

‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ हा संदेश दिसायला सारखा, पण त्याचं मूळ बहुधा पेनड्राइव्हमध्येच असतं: खराब लिहिलेला किंवा पोर्टशी न पटणारा. पोर्ट बदलून बघा, मग पेनड्राइव्ह नव्याने लिहा.

वायफायचंही असंच. विंडोज ११ सेटअपमध्ये इंटरनेट मागतं आणि वायफायचा ड्रायव्हर नसतो. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने पुढे जाता येतं.

विंडोज ११ ‘हा संगणक पात्र नाही’ म्हणतं. पेनड्राइव्हने त्यातून सुटका होते का?

विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट पेलणारं यूईएफआय फर्मवेअर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि त्याच्या यादीतला प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे हा प्रश्न आता घरोघरी आहे. रुफस पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची तपासणी वगळायचा पर्याय देतं आणि तो चालतो. मात्र २४एच२ आवृत्तीपासून विंडोजला प्रोसेसरच्या काही सूचना हव्याच असतात, आणि फार जुन्या प्रोसेसरमध्ये त्या नसल्या तर कोणतीही युक्ती लागू पडत नाही. शिवाय अपात्र संगणकावर पुढची मोठी अपडेट मिळेलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. कामाचा संगणक असेल तर मी ही वाट धरणार नाही. चांगला चाललेला जुना संगणक मोडीत काढण्याआधी त्यावर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून एक दिवस वापरून बघा.

लाइव्ह म्हणजे काय? त्यात केलेलं काम टिकतं का?

इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टिम. वायफाय, आवाज, टचपॅड, प्रिंटर, झाकण लावल्यावर झोपणं, सगळं आधीच तपासून घेता येतं. ही तपासणी टाळून थेट इन्स्टॉल करण्यात काहीच शहाणपण नाही. पडदा काळा पडला तर यादीतला ‘सेफ ग्राफिक्स’ पर्याय निवडा.

बंद केल्यावर केलेले बदल पुसले जातात. ते टिकवायचे असतील तर रुफसमध्ये उबुंटू-डेबियनसाठी ‘पर्सिस्टंट पार्टिशन’ची पट्टी सरकवून जागा राखून ठेवता येते. पण पेनड्राइव्ह सततच्या लिखाणाने लवकर थकतात, तेव्हा महत्त्वाचं काम तिथे साठवू नका.

रीस्टार्ट झालं की इन्स्टॉलेशन परत पहिल्यापासून सुरू होतं.

पेनड्राइव्ह अजून लावलेला आहे आणि संगणक पुन्हा त्यावरूनच सुरू होतोय. पहिल्या रीस्टार्टच्या वेळी तो काढा. विंडोज ‘कोणतंही बटण दाबा’ म्हणालं तर या वेळी दाबू नका.

काम झालं. आता ३२ जीबीचा पेनड्राइव्ह काही एमबीचाच दिसतो, आणि विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणतंय.

पेनड्राइव्ह खराब झालेला नाही. लिनक्सच्या आयएसओने त्यावर जी पार्टिशनं आणली त्यातली बहुतेक विंडोजला वाचता येत नाहीत, त्यामुळे एखादा छोटा तुकडाच दिसतो. पेनड्राइव्ह अजून इन्स्टॉलेशनसाठी लागणार असेल तर त्या ‘फॉरमॅट’ला नाही म्हणा, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागेल.

परत साधा करायचा असेल तर सोपा मार्ग रुफसच: ‘नॉन बूटेबल’ निवडा आणि सुरू करा, पूर्ण जागा परत मिळते. विंडोजमधल्या ‘डिस्कपार्ट’ या आज्ञेनेही होतं. ‘लिस्ट डिस्क’, मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि क्रमांक, मग ‘क्लीन’. त्यानंतर नवं पार्टिशन बनवून फॉरमॅट. क्रमांक देताना आकार दोनदा वाचा. डिस्क शून्य ही सहसा तुमची आतली डिस्क असते, आणि ‘क्लीन’ खात्री न विचारता लगेच चालतं.